बाबांचा डावा हात

माझी पहिली नोकरी ज्या म्हाताऱ्यामुळे लागली तो म्हातारा म्हणजे माझे बाबा. तेव्हा ते म्हातारे नव्हते हां. पंचावन्नचे होते, केस काळे, पोट जरासं पुढे, आणि चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. पण स्टुडिओच्या परीक्षेत म्हातारा चालवून दाखवायचा होता आणि आमच्या घरात पुरुषमाणूस तेवढा एकच होता.

मी ॲनिमे काढते. म्हणजे जपानी कार्टून. ‘ते मोठ्या मोठ्या डोळ्यांचं?’ असं प्रत्येक लग्नात कोणीतरी विचारतंच. हो, तेच. पण डोळे कोणीही काढेल. अवघड असतं माणसाला चालवणं. पाय टेकला की वजन कुठे जातं, खांदा किती खाली येतो, मान कधी सावरते, हे ज्याला दिसतं त्याचा माणूस चालतो. बाकीच्यांचा तरंगतो.

सातवीपासून हे वेड. टीव्हीवर हिंदीत डब केलेलं काहीबाही बघायचे आणि वहीच्या मागच्या पानांवर काढत बसायचे. आईचं म्हणणं, पोरीच्या हातात काहीतरी पाहिजे, म्हणून कॉमर्स केलं. ती डिग्री हातात घेतली आणि कपाटात ठेवली. मग अंधेरीच्या एका क्लासला दोन वर्षं गेले आणि त्यानंतर दिसेल त्या स्टुडिओला चित्रं पाठवत सुटले. बहुतेकांनी उत्तर द्यायचीही तसदी घेतली नाही. एका ठिकाणाहून आलं: चेहरे चांगले आहेत, पण तुमची माणसं जिवंत वाटत नाहीत.

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मुळातच चिडकी, त्यात उपाशी. आई म्हणाली, राहू दे, भूक लागली की येईल. बाबा मात्र माझ्यासमोर येऊन बसले. आमचं मूळ गाव मालवणकडचं, आजोबा गिरणीत लागले म्हणून इथे आलो. बाबांची भाषा अजून तिकडचीच.

“जिवंत माणूस हयसर बसलो आसा,” ते म्हणाले. “माका बघून काढ.”

तिथून सुरू झालं. कारखान्यातून आले की चहा घ्यायचे आणि विचारायचे, “आज काय करूचा?” मी सांगायचे: आज तलवार काढायची. की ते दाराआडची छत्री घ्यायचे. आज उंचावरून उडी. की पलंगावरून उडी, आणि शेजारच्या काकू भिंतीवर थाप मारायच्या. एकदा मला बाण लागून मेलेला सैनिक पाहिजे होता. बाबा गादीवर सात वेळा मेले. सातव्यांदा इतके झकास मेले की आई पोळपाट टाकून धावत आली, आणि खरा प्रकार कळल्यावर जी काही सुटली! “भरल्या घरात मरायची नाटकं करता? लाज नाही वाटत बापलेकीला?” आम्ही दोघं हसून हसून बेजार. माझी चित्रं त्याच वर्षी सुधारली. वजन यायला लागलं त्यांच्यात.

मग मरोळच्या एका स्टुडिओने परीक्षेला बोलावलं. तिथे जपानमधून काम येतं. महत्त्वाची चित्रं तिकडचे मोठे लोक काढतात: माणूस उभा आहे, माणूस बसला. या दोन्हींच्या मधला सगळा माणूस, थोडा वाकलेला, अजून थोडा वाकलेला, तो मरोळमध्ये बसून काढायचा. पुढे हात बसला की महत्त्वाची चित्रंही मिळू शकतात, असं सांगतात. परीक्षा होती ती अशी: एक वयस्क माणूस मोकळ्या हातांनी रस्त्याने चालत येतो. दहा सेकंद. चार दिवसांची मुदत.

रविवारी सकाळी सोसायटीच्या गल्लीत आम्ही शूटिंग केलं. मी कुंडीला टेकवून फोन ठेवला. बाबा गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडले, “वाकान चलू काय?” मी म्हटलं, नाटक नको, नुसते चालत या. ते आले. मी फोनमध्ये बघितलं. उजवा हात छान पुढेमागे होत होता. डावा जसाच्या तसा. कोपरात किंचित दुमडलेला, बोटं जरा मिटलेली, शरीराला चिकटून.

“बाबा, डावा हात!”

“काय झाला त्याका?”

“हलत नाहीये तो.”

“हलवतंय मा गो!”

हलवत नव्हते. मी त्यांना फोन दाखवला. ते बघत राहिले, म्हणाले, अरे खरंच की. पुन्हा गेले, पुन्हा आले. हात तसाच. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम हलवला तर पंधरा ऑगस्टच्या परेडमधला पोलीस दिसायला लागला. मी म्हटलं तो विचार सोडा, रोजच्यासारखे चाला. की परत लाकूड. आठ-नऊ वेळा झालं असेल. ऊन चढलं, कपडे वाळत घालणाऱ्या काकू थांबून बघायला लागल्या आणि माझं डोकं फिरलं.

“तुम्हाला साधं चालताही येत नाही का हो?” मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले.

बाबांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. “सॉरी गो,” म्हणाले. “परत घे. ह्या टायमाक बरोबर करतंय.” आणि पुन्हा गल्लीच्या टोकाला गेले.

ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. जायलाही नको.

घरी येऊन मी व्हिडिओ चित्र-चित्र पुढे सरकवत काढायला बसले. आमच्या कामात एका सेकंदाचे चोवीस तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा बघतात. जगात दुसरं कोण कोणाकडे असं बघतं? डॉक्टरसुद्धा बघत नाही. मी माझ्या बापाला त्या दिवशी तुकड्या-तुकड्याने बघितलं. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा पुढे होता. डावं पाऊल उचलताना कणभर घासत होतं. सगळं दिसलं मला, आणि पहिल्या कच्च्या चित्रांत मी ते सगळं जसंच्या तसं काढलं. मग चित्र उलटं करून बघितलं, आरशात बघावं तसं. असं केलं की चूक लगेच डोळ्यात भरते. भरली. म्हटलं, हे काय, हा हात तर मेलाय. हे पाठवलं तर म्हणतील हिला हात हलवायचा असतो हेही ठाऊक नाही.

मग मी उजवा हात उचलला, उलटा केला, अर्धं पाऊल मागे सरकवला आणि डाव्याच्या जागी बसवला. घासणारं पाऊल उचलून नीट ठेवलं. खांदा मागे घेतला. तासाभरात माझा म्हातारा मस्त चालायला लागला.

मी पास झाले. स्टुडिओतले सीनियर सर म्हणाले, “बाकी ठीक आहे, पण चाल बघायला डोळा लागतो. तो तुला आहे.” बाबांनी ते दहा सेकंद स्वतःच्या फोनवर घेतले आणि कारखान्यात, भजनात, वाण्याकडे, जो भेटेल त्याला दाखवले. “ह्यो मी. माझ्या चेडवान काढल्यान.” मुलीने काढलंय, असं सांगताना त्यांची छाती फुगायची.

पुढची दोन-अडीच वर्षं मी स्टुडिओत रमले. मरोळच्या एका जुन्या गाळ्यात, खाली खोके बनवायचं मशीन धडधडतंय आणि वर आम्ही तीस जण माना खाली घालून. जपानहून दुरुस्त्या यायच्या, लाल रेघांनी: केसाची बट इथे नाही, तिथे. मी सगळ्या झेलल्या. मला चालींचंच काम जास्त मिळायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी चांगलं येत होतं आणि लोक ते म्हणत होते. घरी बाबांना नाचवायची आता गरज नव्हती. ते विचारायचे, आज काही करायचं का? मी म्हणायचे, नाही हो बाबा, दमलेय.

आणि घरात त्या काळात काय चाललं होतं? बाबा आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. लग्नाआधीपासून. मंडळाचे बुवा एकदा म्हणाले, तुमचा डावा मागे पडतोय, थोडे दिवस टाळ घ्या. बाबा टाळ घेऊन बसले, मग कंटाळा येतो म्हणून जायचेच बंद झाले. किराण्याची यादी लिहायचे ती अक्षरं बारीक होत होत शेवटच्या ओळीला वाचताच येईनात. मी चिडवायचे, “शाई वाचवताय काय?” शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं. चहाचा कप बशीत हिंदकळायचा. कारखान्यात मालक बोलायला लागला, तुम्ही स्लो झालात. आणि एक दिवस म्हणाला, उद्यापासून येऊ नका.

आई तर हात धुऊन मागे लागली. तिची जीभ आधीच तिखट. “आळस अंगात मुरलाय नुसता.” “नोकरी घालवून आलात, आता निदान पंख्याखाली तरी नीट बसा.” “माणूस आहे का दगड? काही बोललं तर तोंडावरची माशी हलत नाही.” खरंच हलायची नाही. बाबांचा चेहरा थंड पडत चालला होता आणि आम्हाला वाटायचं, यांना कशाचं काही वाटतच नाही. मीही कमी नव्हते. एकदा मी म्हटलं, बाबा, तुम्ही जरा हातपाय हलवा, नाहीतर गंजाल. ही मी! ज्या मुलीला डोळा होता ती!

मग एके दिवशी मासळी बाजारातून येताना ते पडले. समोर काही नव्हतं, खड्डा नाही, पायरी नाही. पिशवीतले बांगडे रस्त्यावर. हाड मोडलं नाही, पण आमच्या डॉक्टरांना काहीतरी खटकलं आणि त्यांनी बोरिवलीला मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं. या डॉक्टरांनी फार काही केलं नाही. म्हणाले, बाहेर पॅसेजमध्ये जाऊन चालत या.

बाबा चालत आले. मी बाकावर बसले होते. पहिल्या दोन पावलांत मला सगळं कळलं, कारण ते दहा सेकंद मी आधी बघितलेले होते.

“हा हात असा कधीपासून?” डॉक्टरांनी विचारलं.

“आता पडले ना, तेव्हापासून,” आई म्हणाली.

माझ्याकडे तारीख होती. वेळसुद्धा होती, व्हिडिओवर असते. फोन मी पर्समधून काढला नाही. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन्स आहे, हा पडल्याने होत नाही, आधीपासून असणार. पण घरच्यांच्या लक्षात येत नाही हो, रोज बघतात ना, वाईट वाटून घेऊ नका.

नंतर रिपोर्ट दाखवायच्या निमित्ताने मी एकटी गेले आणि विचारलं, दोन वर्षं आधी कळलं असतं तर? ते चांगले माणूस होते, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, आजार टळला नसता. गोळ्या आधी सुरू झाल्या असत्या, तेवढी वर्षं जरा सुखाची गेली असती. हात चालला असता. काम झालं असतं. मी थँक यू म्हटलं आणि खाली येऊन उसाच्या रसाच्या गाडीमागे उभी राहून रडले.

आईने मात्र पडण्यावरच बोट ठेवलं. डॉक्टरांचं तिने मनावर घेतलंच नाही. जो भेटेल त्याला सांगायची, “पडले आणि धसका घेतला बघा. त्याआधी ठणठणीत होते.” मला कळत होतं ती असं का म्हणते. त्याआधी ठणठणीत असले तरच तो आळस होता, आणि आळसाला बोललेलं चालतं. मी तिला तेच धरून बसू दिलं. खरं म्हणजे मलाही ते सोयीचं होतं.

त्यानंतर वर्षभराने मला पहिल्यांदा महत्त्वाची चित्रं काढायला मिळाली. ज्यासाठी एवढा सगळा अट्टाहास केला, ते. योगायोग नाही हा. स्टुडिओत म्हातारे माझ्याकडेच यायचे. एक आजोबा देवळाच्या रस्त्याने चालत येतात. मी ठरवलं, या वेळी खरं काढायचं. डावा हात कोपरात दुमडलेला, पाऊल घासतंय, चेहरा स्थिर. बाबा काढले मी. जन्मात तेवढं चांगलं मी काही काढलेलं नाही, पुढे काढेन असं वाटतही नाही. दोन दिवसांनी परत आलं. डाव्या हातावर लाल रेघ आणि शेजारी सरांनी मराठीत लिहिलेलं: हात हलवायला विसरलीस काय गं?

सांगायला हवं होतं. सर ऐकणारे होते. पण सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगायचं, पहिली परीक्षासुद्धा. मी उजवा हात उचलला, उलटा केला आणि डाव्याच्या जागी बसवला. दुसऱ्यांदा. सर म्हणाले, परफेक्ट.

त्या दिवसापासून मला घरात बाबांच्या समोर बसवेना. ते खुर्चीत, मी पलंगावर, आणि मध्ये हे. शेवटी एका सकाळी, मी त्यांना शर्ट घालत असताना, बोलून टाकलं. सकाळची पहिली गोळी लागू पडायला वेळ लागतो, तोवर ते जवळजवळ पुतळा असतात. मी वरून दोन बटणं लावली आणि खाली बघतच म्हटलं, “बाबा, तुमचा हात तेव्हाच गेला होता. मला दिसलं होतं. मी तो चित्रात हलवून टाकला.”

चेहरा तसाच. मग ओठ हलले. त्यांचा आवाज आता फार खाली गेलाय, कान लावावा लागतो.

“आयकाक येवक नाय. परत सांग.”

ऐकू आलं नव्हतं त्यांना. एवढी हिंमत गोळा करून बोलले ते वाया. मला पुन्हा बोलावं लागलं आणि मोठ्याने बोलावं लागलं, भाजीवाल्याला हाक मारतो तेवढ्या आवाजात. “परीक्षेच्या वेळी, बाबा! गल्लीत शूटिंग केलं तेव्हा! तुमचा डावा हात तेव्हापासूनच चालत नव्हता. तेव्हापासून आजारी होता तुम्ही! मला दिसलं आणि मी कोणाला सांगितलं नाही!”

बाबांचा उजवा हात वर आला. हळू बोल, अशी खूण ते करत होते, नजर स्वयंपाकघराकडे. तोपर्यंत आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

आई दारात आली. दोन्ही हात पिठाचे. मला वाटलं आता माझी वाट लागली, आता ही मला फाडून खाणार, आणि खरं सांगते, मला तेच पाहिजे होतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. बाबांच्या समोर खाली फरशीवर बसली आणि उरलेली बटणं लावायला लागली. शर्टाला पीठ लागलं. आई मुंबईत जन्मली, वाढली. गावची भाषा तिच्या तोंडी मी फक्त आजी गेली तेव्हा ऐकली होती.

“दोन वर्सां,” ती म्हणाली, “दोन वर्सां मी तेंका काय काय बोललंय गो.”

बाबांचे ओठ हलले. काहीतरी म्हणाले ते तिला, दोन-तीन शब्दच असतील. आवाज इतका खाली होता की आम्हा दोघींनाही ऐकू आला नाही. आणि परत सांगा असं म्हणायचा धीर आमच्यापैकी एकीलाही झाला नाही.